गच्चीवरचा दुधी नक्की कुणाचा?

पत्र बरंच मोठं आहे, थोडक्यात देते. लिहिणाऱ्या ताई पुण्यात राहतात, वय 61, शाळेतून रिटायर. माहेर वाईकडचं, घरामागे मोठं परस, न्हाणीच्या पाण्यावर आळू आणि केळी. तीन वर्षांपूर्वी तेव्हाच्या सेक्रेटरींना तोंडी विचारून त्यांनी सोसायटीच्या गच्चीवर बाग सुरू केली. आज तिथे रंगाच्या 40 रिकाम्या बादल्या, अर्धे कापलेले 14 निळे ड्रम आणि विटा रचून केलेला 10 बाय 4 फुटांचा, फूटभर खोल वाफा आहे. बिल्डिंग 24 वर्षांची, 20 फ्लॅट. पाणी घालणं, खत, बिया, सगळं ताई स्वतः करतात, खर्चही त्यांचाच. ‘ही आपल्या सगळ्यांची बाग आहे, या’ असं त्या सांगतात पण कुणी फिरकत नाही. मात्र तोडायला येतात. मुलगी येणार म्हणून त्यांनी एक दुधी राखून ठेवला होता, ओळखीसाठी देठाला सुतळी बांधली होती, रविवारी सकाळी वर गेल्या तर वेलाला नुसती सुतळी. आणि त्याच आठवड्यात नवीन सेक्रेटरींचा ग्रुपवर मेसेज, की वरच्या मजल्यावर लीकेज आहे, मे महिन्यात वॉटरप्रूफिंग करायचंय, 15 दिवसांत गच्ची रिकामी करा. मिस्टर म्हणतात पुरे झालं आता, गुडघे बघ तुझे. ताई विचारतायत, भांडू की सगळं उचलून कचऱ्यात टाकू? आणि ‘हल्ली लोकांना झाडांची आवडच राहिली नाही का हो?’

ताई,

आधी दुधीबद्दल. मला खरंच वाईट वाटलं. ज्याने कधी वेलावर फळ वाढताना बघितलंय त्यालाच कळेल, की ते सकाळ-संध्याकाळ जाऊन बोटाने मोजणं काय असतं, आणि नुसती सुतळी लोंबताना बघून पोटात कसं होतं. भाजीवाल्याकडे मिळतो की तीस-चाळीस रुपयांना, असं कुणी म्हणालं असेल तर त्यांचं मनावर घेऊ नका.

पण आता जरा टोचेल असं विचारते. तुमच्या पत्रात ‘आपल्या सगळ्यांची बाग’ दोनदा आहे, आणि ‘मी’, ‘माझं’, ‘मलाच’ मी मोजायला घेतलं ते तिसाच्या पुढे गेल्यावर सोडून दिलं. बाग सगळ्यांची असेल तर दुधी चोरीला गेला नाही, एका घरात शिजला, एवढंच. आणि दुधी तुमचा असेल, तर मग ती जागा तुमची नाही हे पण आलंच. गच्ची सगळ्या सभासदांची सामायिक असते, तिथे काय ठेवायचं ते सर्वसाधारण सभेने ठरवायचं असतं, आणि तोंडी परवानगी देणारा माणूस पदावरून उतरला की ती परवानगीही त्याच्याबरोबर उतरते. तुम्हाला सोबत हवीय, कौतुक हवंय (त्यात काही चूक नाही, मलाही हवं असतं), पण कुठे काय लावायचं, कधी तोडायचं, कुणी तोडायचं हे सगळं तुम्हीच ठरवताय. मग लोक येतात ते पाहुण्यासारखे येतात, आणि पाहुणे फक्त जेवायला येतात हो, भांडी घासायला नाही.

मी हे शहाणपणाने सांगतेय असं नाही, मी स्वतः आमच्या आधीच्या सोसायटीत कंपाउंडच्या कडेला असंच केलं होतं. एका बाईने माझ्या जास्वंदीच्या कळ्या पूजेला तोडल्या म्हणून मी पाटी लावली होती, ‘कृपया कळ्या तोडू नये’, लाल अक्षरात. पाटीनंतर कळ्या तुटायच्या थांबल्या आणि माणसं बोलायची पण थांबली. ती पाटी मी अजून विसरले नाहीये.

आता सेक्रेटरी. तुम्ही लिहिलंय की त्यांना हिरवं काही बघवत नाही. असेलही, मी त्यांना ओळखत नाही. पण एकदा त्यांच्या जागी उभं राहून हिशोब करून बघा. तुमचा तो विटांचा वाफा, 10 बाय 4 बाय 1 म्हणजे 40 घनफूट, म्हणजे साधारण 1130 लिटर. ओली माती लिटरला दीड किलोच्या वरच भरते, म्हणजे नुसत्या त्या वाफ्यात पाऊस पडल्यावर पावणेदोन ते दोन टन वजन आहे, विटा सोडून. जुन्या तीन मारुती 800 एकमेकींना चिकटवून गच्चीवर पार्क केल्यात असं समजा. माणसांची ये-जा असलेल्या साध्या गच्चीचं डिझाइन चौरस मीटरला 150 किलोच्या आसपास भार धरून करतात, आणि तुमच्या वाफ्याखाली तो पाचशेच्या आसपास गेलाय. स्लॅब लगेच पडत नाही, तीन वर्षं पडला नाहीच, पण म्हणून ते बरोबर आहे असं नाही. त्यामुळे बाकी कशावरही घासाघीस करा, वाफा मात्र काढाच. त्यावर माझं मत बदलणार नाही.

लीकेज तुमच्या बागेमुळेच झालं का? तेही नक्की नाही बरं का. 24 वर्षांच्या गच्चीचा कोबा (स्लॅबवरचा सिमेंटचा थर) कुंडी नसली तरी फुटतो, चायना चिप्सचे, म्हणजे वर बसवलेल्या फरशीच्या तुकड्यांचे, सांधे सुटतात. पण जिथे वाफा थेट फरशीवर बसलाय तिथली जमीन तीन वर्षांत एक दिवस सुद्धा कोरडी झालेली नाही, आणि बाकीची गच्ची पाऊस संपला की आठ दिवसांत खडखडीत. बारीकशी चीर असली तरी तिला रोज पाणी मिळतंय. त्यात माती वाहून पाणी जायच्या जाळीत बसते, उतार असून पाणी तुंबतं. हे सगळं ‘तुमच्या झाडांमुळे आमच्या बेडरूमला ओल आली’ असं एका वाक्यात ऐकू येतं, मग राग येतो, मग आपण ‘तुम्हाला निसर्गच नकोय’ म्हणतो आणि मूळ जाळी तुंबलेलीच राहते.

15 दिवसांची मुदत तुम्हाला अपमान वाटली. मला विचाराल तर मुदत चुकीची नाही, सांगायची पद्धत चुकीची आहे. ग्रुपवर न टाकता दार वाजवून सांगायला हवं होतं. पण वॉटरप्रूफिंग पावसाआधीच करावं लागतं, आता मे सोडला तर महिनाच उरत नाही. आणि बागेच्या दृष्टीने बघा ना, मे महिन्यात तुमच्या बादल्यांमध्ये असतं काय? टोमॅटो संपलेला असतो, वांग्यावर लाल कोळी (बारीक कीड) आलेला असतो, पालक फुलावर जाऊन कधीच गेला. जे गच्ची रिकामी करा म्हणतायत ते नेमकं तेव्हाच म्हणतायत जेव्हा गच्ची अशीही अर्धी रिकामीच असते. मृग लागतो 7-8 जूनला, भेंडी, गवार, दोडका, कारलं, काकडी सगळं तेव्हा टाकायचं. म्हणजे मधला महिना तुम्हाला फुकट मिळालाय.

म्हणून भांडू नका आणि कचऱ्यातही टाकू नका. सेक्रेटरींकडे जा, मिस्टरांना घेऊन जा, आणि ‘मी गच्ची रिकामी करते, कामाची तारीख आणि संपायची तारीख मला लेखी द्या, आणि बाग परत कुठे, किती, कशी ठेवायची हा विषय सभेच्या अजेंड्यावर घ्या’ एवढंच म्हणा. स्वतःहून रिकामी करणाऱ्या माणसाचं ऐकलं जातं. दुसरं, 15 ते 30 वर्षांच्या बिल्डिंगचं दर 5 वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असं सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्येच आहे (30 च्या पुढे दर 3 वर्षांनी). तुमचं झालंय का विचारा, होणार असेल तर त्या इंजिनिअरलाच सांगा, की कुंड्या कुठे ठेवल्या तर चालतील ते नकाशावर खुणा करून द्या. बहुतेक वेळा उत्तर येतं ते बीमवर आणि कॉलमच्या जवळ, स्लॅबच्या मधोमध नाही. मग ते तुमचं मत राहत नाही आणि सेक्रेटरींचंही राहत नाही. वॉटरप्रूफिंग झाल्यावर पाणी साठवून टेस्ट करतात, जाळ्या बंद करून दोन-तीन दिवस गच्चीवर पाणी उभं ठेवतात, तेव्हा तुम्ही स्वतः हजर राहा, फोटो काढा. पुढच्या वर्षी ओल आली तर ती कुंडीने आली की ठेकेदाराने, हे तेव्हाच ठरून गेलेलं असेल.

परत मांडताना प्रत्येक कुंडी फरशीपासून उचललेली हवी, लोखंडी स्टँड, नाहीतर नुसत्या चार विटा पण चालतील, खालून झाडू फिरला पाहिजे आणि वारा गेला पाहिजे. आणि माती कमी करा हो! 20 लिटरची बादली नुसत्या मातीने भरली तर भिजल्यावर 30 किलोच्या वर जाते, तुमचे गुडघे बोलणारच. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर उसाच्या चिपाडात भाज्या काढून दाखवल्या होत्या, पुण्यात रसवंती काय कमी आहेत, रसवाला चिपाड घेऊन जा म्हणून उलट आभार मानतो. खाली चिपाड आणि सुका पाला दाबून भरायचा, वर खत आणि थोडी माती, वरचा चार बोटं भाग मोकळा. चिपाडाला मुंग्या येतात म्हणून आधी चार दिवस उन्हात टाकायचं. ते कुजून खाली बसतं, मग वरून परत भर घालत राहायची. वजन निम्म्याच्या आसपास येतं. पाणी मात्र सारखं लागतं सुरुवातीला, ते लक्षात ठेवा.

आता ‘लोकांना आवड नाही’ याबद्दल. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या मोठ्या स्वयंपाकघरावरची गच्ची तुम्ही ऐकली असेल, 2002 च्या सुमारास प्रीती पाटील यांनी तिथे बाग उभी केली. मला त्यात आवडतं ते हे की सुरुवात झाडांपासून नाही झाली, रोज निघणाऱ्या ओल्या कचऱ्याचं करायचं काय इथून झाली. कँटीनमधल्या माणसांचीच डोकेदुखी कमी झाली, मग त्यांचेच हात लागले. तुमच्या सोसायटीची डोकेदुखी काय आहे? 20 घरांचा ओला कचरा, आणि खाली झाडून काढलेला पाला जो कुणीतरी कोपऱ्यात जाळतं. तिथून सुरू करा. एक बादली ओला कचरा असेल तर त्यावर एक-दोन बादल्या सुका पाला, मधे मधे आंबट ताक पाण्यात घालून शिंपडायचं, आणि वास आला की समजायचं ओल जास्त झाली, पाला टाका. पांढरट अळ्या दिसल्या तर किंचाळू नका, त्या कामच करतात, झाकण नीट लावा फक्त. पुण्यात गांडूळखत प्रकल्प चालू असेल तर महापालिका मिळकतकरात सूट देते, हे वाक्य सभेत जरूर म्हणा. झाडांवर ज्यांचं प्रेम नाही त्यांचं टॅक्सवर असतं, आणि त्यात वाईट काही नाही.

आणि सगळ्यांनी पाणी घालायला यावं ही अपेक्षा सोडा. 20 घरांतून तीन-चार जण येतील, तेवढे पुष्कळ झाले. एखाद्या काकांना हिशोब लिहायला आवडतं, त्यांना बियाणं-खताची वही द्या (खर्च तुमच्या पेन्शनमधून करणं आजपासून बंद, प्लीज). मुलांना फक्त तोडायला आवडतं, त्यांना शनिवारी तोडायला बोलवा. कुणाला आपली एकच कुंडी हवी असते, नाव लिहिलेली, तीही द्या.

दुधीच्या भांडणावर माझ्याकडे एक अनुभवाचा उपाय आहे. काही पिकं वाटायची असतात आणि काही भांडायची. दुधी, भोपळा, पहिलं वांगं, सीताफळ, ही भांडायची पिकं, कारण एका वेळेला एकच तयार होतं आणि सगळ्यांचा डोळा त्याच्यावर. कढीपत्ता, गवती चहा, पुदिना, ओव्याची पानं, लाल माठ, आळू ही वाटायची, कितीही जणांनी दोन-दोन काड्या नेल्या तरी संपत नाहीत, उलट छाटल्यावर फुटतात. कढीपत्त्याची चोरी झाली असं कधी ऐकलंय का कुणाकडून? म्हणून सामायिक जागेत वाटायची पिकं लावा, जिन्यातून आल्या आल्या हाताशी येतील अशी. आणि दुधी तुमच्या स्वतःच्या बाल्कनीत, ग्रिलवर चढवून. तिथे पाच-सहा तास ऊन येत असेल तर मोठ्या ड्रममध्ये एक वेल छान होतो, ऊन तीन-चार तासच असेल तर पालेभाज्यांवर समाधान मानायचं. मुलीसाठी राखलेला दुधी मग कुणाच्या नजरेला पडणार नाही, आणि तो शंभर टक्के तुमचा असेल. नुसती आपली अशी बाग असायला काहीच हरकत नाही ताई, फक्त तिला सगळ्यांची म्हणू नये.

गच्ची मिळालीच नाही तर? सभा नाही पण म्हणू शकते. मग कंपाउंडच्या भिंतीकडेची जमीन बघा, दोन-तीन फुटांची पट्टी जवळजवळ प्रत्येक सोसायटीत असते, फरशी न घातलेली, सिगारेटची थोटकं पडलेली. सावली जास्त असेल तर हळद, आलं, आळू. हळद जूनच्या आत लावली की आठ-नऊ महिन्यांनी काढायची, मधे फारसं बघावं लागत नाही, वजनाचा प्रश्न नाही, वाकायचं कामही वर्षातून दोनदाच. वाईच्या माणसाला मी हळदीचं काय सांगणार म्हणा. आणि जमिनीतल्या झाडाला उन्हाळ्यात दोन दिवस पाणी नाही मिळालं तरी ते रुसून बसत नाही, गच्चीवरच्या बादलीतलं बसतं. टँकरच्या दिवसांत हा फरक फार मोठा आहे, कारण सोसायटीत पाण्यावरून जेवढी भांडणं होतात तेवढी झाडांवरून कधीच होत नाहीत. तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी बिनधास्त वापरा, आरओचं वाया जाणारं पाणी मात्र रोज कुंडीत घालू नका, त्यात क्षार जास्त असतात, फरशी पुसायला ठेवा.

डासांचं तुम्ही हसण्यावारी नेलंय, ते नेऊ नका. कुंडीखालच्या ताटलीतलं स्वच्छ पाणी डेंग्यूच्या डासाला आवडतं, अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. ताटल्याच काढून टाका, नाहीतर दर रविवारी सगळ्या उलट्या करा. अर्ध्या ड्रमांची भोकं बुजलीयत का तेही बघा, मला वाटतं दोन-तीन नक्की बुजली असतील.

15 दिवसांत काय वाचवायचं: कढीपत्ता, मोगरा, लिंबू असेल तर ते, गवती चहाचे गड्डे, हे खाली सावलीत उतरवा, मोगऱ्याला आत्ता बहर असेल, छाटू नका. वीस-पंचवीस बादल्या माती पोत्यांत भरून जिन्याखाली. बाकी भाज्यांचा मोह सोडा, उपटा आणि खताच्या ढिगात टाका. वॉचमनच्या मुलाला किंवा हमालाला पैसे देऊन उतरवून घ्या, तुम्ही आणि मिस्टर मिळून ड्रम उचलणार नाही आहात, कळलं? मिस्टरांचं गुडघ्यांबद्दलचं म्हणणं मला तरी विरोध वाटलं नाही. त्यांना विचारा, कंबरेच्या उंचीचा स्टँड वेल्डरकडून करून घ्यायचं काम घेता का म्हणून.

एक राहिलं. पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय, की तिसऱ्या मजल्यावरची एक नवीन मुलगी अधूनमधून वर येते, ‘पण तिला काही येत नाही, हिवाळ्यात माझी सगळी मेथी मुळासकट उपटून नेली’. अहो, तिने मेथी आयुष्यभर मंडईतल्या जुडीतच बघितलीय, मुळासकट मातीसकट, तिला वाटलं अशीच काढायची असते! जमिनीपासून दोन बोटं वर कापली तर परत फुटते आणि दुसरी तोड मिळते, हे तिला कुणी सांगितलंय? तुम्ही 30-35 वर्षं शाळेत होतात. 20 घरांत एक जण कुणी न बोलावता जिने चढून वर येतेय, आणि तुम्ही तिला तक्रारीच्या यादीत टाकलंय.

तिला कात्री द्या. आणि कात्री नळाला सुतळीने बांधून ठेवा, तीच दुधीवाली सुतळी चालेल.